सामायिक

नारीनला मार्च म्हणजे अजून कोळसाच.
व्हॅनमधून उतरले तेव्हा खांद्यावर वीस मीटर निळी वायर
आणि टोपीत बर्फाचा भुगा.
नदीमापन कचेरीत तीन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
तोही बुरुल एजेंच्या टेबलावर.
कुणाला काही छापायचं असेल
तर पेन ड्राइव्ह मुठीत धरून त्यांच्या दारात उभं राहायचं,
त्यांचा चहा संपेपर्यंत.

पहिलं काम पत्ता.
हा प्रिंटर रोज सकाळी जागा झाला की
राउटरकडून नवा आकडा मागून घ्यायचा,
भाड्याची खोली बदलावी तसा,
आणि कालच्या दारावर थाप मारून बाकीचे कॉम्प्युटर म्हणायचे,
घरी कुणी नाही.
मी त्याला कायमचं बसवलं.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास.
आकडा खडूने त्याच्या कुशीवर लिहिला.
बुरुल एजेंनी तो लगेच ओल्या फडक्याने पुसला
आणि पेनने, वळणदार, पुन्हा लिहिला.

मग नाव. नावाशिवाय तो इतरांना दिसत नाही.
"तोरू," एजे म्हणाल्या. आजोबांचा तांबडा घोडा.
"पुढे जायच्या आधी एक पाऊल मागे घ्यायचा. कायम."
मी टाइप केलं.
प्रिंटरने कागद आत ओढला, अर्धा बाहेर टाकला, परत ओढला.
कुणी हसलं नाही. सगळ्यांना पटलं.

ड्रायव्हरचं सांगत नाही, त्यात दुपार गेली.
चाचणीच्या पानावर आमच्या भाषेतली तीन अक्षरं,
रशियनमध्ये नसलेली,
त्यांच्या जागी रिकामे चौकोन,
काचा काढून नेलेल्या खिडक्यांसारखे.
तीही बसवली.

तिसऱ्या खोलीत सोवेतबेक बाइके.
एकतीस वर्षं पुलाखालच्या पट्टीवरचं पाणी वाचणारा माणूस.
त्यांच्या मशीनवर जुना पत्ता खोडून नवा घातला
आणि भिंतीपलीकडे तोरू आपणहून सुरू झाला.
एक पान. दोन.
मी काहीच पाठवलं नव्हतं.
अकरा.

रांगेत अडकून पडलेलं काम होतं, ऑक्टोबरचं.
एकदा बटण दाबलं, काही झालं नाही,
परत दाबलं, मग चिडून दाबतच राहिलं,
तसल्या माणसाचं.
एजेंनी वरचं पान उचललं.
"संचालकांस. एक नोव्हेंबरपासून मला कामातून मोकळं..."
तिथे थांबल्या.

बाइके दारात, नमद्याच्या चपलांत.
गुडघे धावू देत नाहीत, तरी धावून आल्यासारखा श्वास.
"छापलंच गेलं नाही तेव्हा," ते म्हणाले.
"पेन ड्राइव्ह घेऊन आलो असतो तर तू वाचलं असतंस.
म्हटलं, उद्या.
मग नदी गोठली.
गोठल्यावर पट्टी दिसत नाही, भोक पाडावं लागतं,
या पोरांना कुठे पाडायचं ते ठाऊक नाही."

शेगडीवर किटली खदखदत होती.
मला म्हणायचं होतं, सामायिक म्हणजे असंच,
कुठूनही पाठवा, बाहेर येतं सगळ्यांदेखत.
त्याऐवजी म्हणाले, पिन लावता येते.
कुणी ऐकलं नाही.

एजेंनी अकरा पानं टेबलावर आपटून कडा जुळवल्या,
उलटी केली, कोरी बाजू छापायला,
आणि ट्रेमध्ये परत ठेवली.
"कागद महाग झालाय," इतकंच.
"बाइके, आजची पातळी पाठवा. तिकडूनच. परत उठू नका."

ते गेले. वेळ लागला. आधी चष्मा, मग माउस.
तोरूने एक पाऊल मागे घेतलं.
पान आलं : बर्फाखाली एकशे बेचाळीस सेंटीमीटर, प्रवाह चालू.
उजेडात धरलं की पलीकडून दिसत होती
सहीसाठी सोडलेली जागा.

दहा पानं अजून ट्रेमध्ये.
पातळी रोज एकदाच छापतात.